टक झालं का?

परवा भाचीच्या गाडीतून नाशिकरोडला चालले होते. ऊन मी म्हणत होतं. भाचीने बटण दाबलं, गार हवा यायला लागली, आणि मी आपली मान तिरकी करून ऐकत बसले.

"मावशी, काय ऐकतेयस गं?"

"काही नाही. तू चालव."

आता काय सांगू तिला? की गाडीचा एसी सुरू होताना पुढे इंजिनापाशी 'टक' असा एक आवाज होतो, एवढासा, जिभेने टाळूला वाजवावा तसा, आणि तो आवाज ऐकायला एक माणूस मला पोळपाटावरून उठवून न्यायचा? हल्लीच्या नव्या गाड्यांत म्हणे तो आवाज येतच नाही. बरंच म्हणायचं. नाहीतर प्रत्येक गाडीत माझा जीव तिथेच अडकून राहिला असता. तो माणूस म्हणजे आमचे मिस्तरी. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

सातपूरला एमआयडीसीत माझं पोळी-भाजी केंद्र होतं. आमचे हे गेल्यावर सुरू केलेलं. ओळीने पत्र्याच्या शेड होत्या, पहिली वेल्डिंगवाल्याची, दुसरी माझी, तिसरी मिस्तरींची. मिस्तरी फक्त मोटारींचे एसी बघायचे. कुणी म्हटलं, जरा ब्रेक पण बघा, तर म्हणायचे, "ते माझं काम नाय. मी गारव्याचा माणूस." मूळचे घोटीच्या पलीकडचे, भातवाल्यांतले. एवढी वर्षं शहरात काढली पण बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. दुकानाला पाटी नव्हती. मी एकदा म्हटलंसुद्धा, मिस्तरी, पाटी लावा की. तर म्हणाले, "पाटी वाचून येतो त्येला कुठंबी चालतं. माझ्याकडं विचारत विचारत आला पायजे."

आणि यायचे हो लोक विचारत. सगळ्यांचं रडगाणं एकच, एसी चालूच होत नाही. मिस्तरी बोनेट उघडायचे आणि दोन्ही हात वर करायचे, वरातीत बँडवाल्यांना थांबवतात ना, तसे.

"गप! समदे गप!"

गाडीवाला गप. वेल्डिंगवाला मशीन बंद करायचा. मग माझ्याकडे वळून, "ताई, लाटणं!"

मी लाटणं हवेत धरून बसायची. तव्यावरची पोळी फुगायची, मग करपायला लागायची, तरी उलथनं उचलायची सोय नाही. मिस्तरी डोळे मिटून, मान खाली घालून उभे. "आता दाब बटण." आमची सगळी ओळ श्वास रोखून. आणि मग टक.

"हां. जित्ता हाय. दुखणं दुसरीकडं."

टक नाही झालं तर म्हणायचे, "उपाशी हाय का आजारी हाय ते बघू." उपाशी म्हणजे करंट पोचत नाही, आजारी म्हणजे पोचूनही काम करत नाही. हे त्यांनीच मला समजावलं होतं. इंजिनाशेजारी कॉम्प्रेसर असतो. त्याच्या तोंडाशी दोन लोखंडी चकत्या. बटण दाबलं की एक चकती दुसरीला जाऊन चिकटते, तोच टक, आणि मग गारवा तयार व्हायला लागतो. मी म्हटलं, एवढंच होय? तर म्हणाले, "एवढंच. पण चिकटलीच नाय तर तुमचा पन्नास बटणांचा डॅशबोर्ड घेऊन काय करायचं?"

पोळ्यांवरून मात्र मी भांडायची. "मिस्तरी, तुमच्या मौनापायी दिवसाला चार पोळ्या जातात माझ्या."

"मंग त्या चार मला घाला. मला करपलेलीच गोड लागती."

आणि खरंच, त्यांच्या डब्यात त्याच चार जायच्या. डबा परत यायचा तो घासून, पुसून, आणि कधीच रिकामा नाही. भांडं रिकामं परत द्यायचं नाही म्हणतात ना, ते त्यांनी पक्कं धरलेलं. कधी दोन पेरू, कधी मूठभर कढीपत्ता. काहीच नसलं तर कुकरच्या मापाची रबरी रिंग. तसल्या तीन रिंगा माझ्याकडे अजून आहेत.

विक्षिप्तच म्हणायचे सगळे. एवढे गाडीगाडीत गारवा भरणारे, पण स्वतःच्या शेडमध्ये पंखासुद्धा नव्हता. मे महिन्यात पत्रा तापून तडतडायचा, घामाने बनियन पिळून काढायचे, पण पंखा नाही. म्हणायचे, "मी गारव्यात बसलो तर गाडीवाल्याची तक्रार मला खोटी वाटायला लागंल." गिऱ्हाइकांची नावं कधी लक्षात नसायची. 'गारच येईना' आले होते, 'बटणच पेटेना' संध्याकाळी येणार हायेत, असं चालायचं. एक बाई चांगल्या डॉक्टरीण होत्या, त्यांचं नाव मिस्तरींकडे शेवटपर्यंत 'उंदरानं वायर खाल्ली' असंच होतं. त्यांच्या तोंडावरसुद्धा.

आणि कुणी नुसतं म्हणावं, "मिस्तरी, गॅस भरून द्या फटकन," की संपलंच.

"गॅस काय पेट्रोल हाय का, जळून संपायला? घरातली भांडी कमी व्हायला लागली तर नवी आणतो का आधी चोर शोधतो?"

"अहो पण मला घाई आहे."

"मंग पुढच्या चौकात जा. तिथं घाईवाले बसत्यात."

मग दाढीच्या ब्रशने प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावत बसायचे. कुठे बुडबुडा फुगला की इतके खूश, जणू लॉटरी लागली. पण त्याच्याही आधी सोप्यातलं सोपं बघायचे. फ्यूज. मग रिले. रिले म्हणजे आगपेटीच्या निम्म्याएवढी काळी डबी असते, ती करंट पुढे सोडते. बऱ्याच गाड्यांत हॉर्नची डबी आणि एसीची डबी अगदी सारखी. मिस्तरी हॉर्नची काढून एसीच्या घरात बसवायचे. एसी चालला की गाडीवाल्याला म्हणायचे, "डबी गेली तुझी. आता हॉर्न पायजे का एसी, ते तू ठरव. नाशकात एसीबिगर चालंल, हॉर्नबिगर कसा घरी जाशील?" आणि स्वतःच खोऽखो हसायचे.

दसऱ्यानंतरचे आठ दिवस त्यांचा सीझन. आपल्याकडे खंडेनवमीला, दसऱ्याला गाडी धुवायची, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. माळ पुढच्या जाळीला बांधायची आणि मग विसरून जायचं. एकदा कॉलेजातले एक सर आले, बरोबर त्यांच्या मिसेस. दोन ठिकाणी दाखवून आलेले. दोन्हीकडे सांगितलेलं, कॉम्प्रेसर गेला, नवा टाका. सरांचा चेहरा उतरलेला.

मिस्तरींनी बोनेटला हातही लावला नाही. विचारलं, "दसऱ्याला काय केलं?"

"म्हणजे? पूजा केली."

"माळ किती हात?"

सर मिसेसकडे बघायला लागले. त्या म्हणाल्या, "चांगली पाच हात होती. मीच ओवली."

"काढली कवा?"

"काढली नाही... गळून पडली असेल."

"गळून पडाया ती काय दात हाय?"

असं म्हणून जाळीमागे चिमटा घातला आणि ओढायला लागले. काळा झालेला दोरा निघतोय, निघतोय, मध्येच एखादं सुकून गेलेलं झेंडूचं फूल. सगळा दोरा पंख्याला गुंडाळलेला. पंखा अडकला, फ्यूज जळला, एसीने मान टाकली. पाच मिनिटांचं काम. मिसेसनी कपाळाला हात लावला. मिस्तरी म्हणाले, "गाडीनं परसाद खाल्ला बाई, पण पचला नाय." आणि तो तेलकट दोरा कचऱ्यात नाही टाकला. त्यासाठी वेगळी बादली होती. निर्माल्य आहे, म्हणायचे. आठ दिवसांनी ती बादली सायकलला अडकवून नदीवर निर्माल्याच्या कलशात रिकामी करून यायचे.

त्यांची स्वतःची खंडेनवमी बघण्यासारखी असायची. पाने-पकडी, गॅसचा दाब बघायचा गेज, दाढीचा ब्रश, सगळं फडक्यावर मांडायचे, एकेकाला कुंकू लावायचे. आणि शेवटी तेच बोट आपल्या दोन्ही कानांच्या पाळ्यांना. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले. तर म्हणाले, "गेज फुटला तर दुसरा मिळंल ताई. ही हत्यारं कुठल्या दुकानात मिळणार?" दिवसभर तसेच लाल कानांनी फिरायचे.

मग एक खंडेनवमी अशी आली, की सगळ्या हत्यारांना कुंकू लावून झालं आणि मिस्तरींनी बोट फडक्याला पुसून टाकलं.

मी माझ्या शेडमधून म्हटलं, "मिस्तरी, कान राहिले."

ते पाने गोळा करत होते.

"अहो मिस्तरी, कान!"

वेल्डिंगवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मिस्तरींनी नाही. मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा दचकून म्हणाले, "काय?" आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग एकेक गोष्ट जुळायला लागली. कितीतरी दिवसांत त्यांनी हात वर करून कुणाला गप केलं नव्हतं. कितीतरी दिवसांत माझी पोळी करपली नव्हती. मी आपली निवडून, मुद्दाम जरा जास्त भाजून, त्यांच्या डब्यात घालत होते.

चार-पाच दिवसांनी गाडी समोर उभी असताना ते माझ्या टेबलापाशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, दोन मिन्टं येता का? हात नका धुवू, तशाच या."

मी कणकेच्या हातांनी गेले. बोनेट उघडं, त्याच्याआड आम्ही दोघं, पलीकडे गाडीवाला आत बसलेला. "दाब बटण," मिस्तरी ओरडले. मग माझ्याकडे बघून, "टक झालं का?"

मी मान हलवली. झालं.

बस. तिथून सुरू झालं. दिवसातून चार-पाच वेळा हाक यायची, ताई! आणि मी जायची. हळूहळू मला फरक कळायला लागले. टक झालं आणि दोन क्षणांत पुन्हा टक झालं, तर गॅस कमी. टकच्या मागून किर्र आलं, तर बेअरिंग. एकदा मी म्हटलं, "मिस्तरी, झालं, पण ओलं झालं." ओलं म्हणजे काय ते मलाच सांगता येईना. त्यांनी खोलून पाहिलं तर चकतीवर तेल आलेलं! काय खूश झाले. वेल्डिंगवाल्याला बोलावून दाखवलं. "कान असावा तर पोळी लाटणाऱ्याचा. पोळी फुगली का फुटली, ते बाईला न बघता कळतं."

वेल्डिंगवाला म्हणाला, "ताई, आता बोर्ड लावून टाका. पोळी-भाजी आणि एसी."

"तू तुझी वेल्डिंग कर," मी म्हटलं. पण मनातून मला लई बरं वाटलं होतं. खरं सांगू का? मला त्या हाकेची सवय लागली. आमचे हे गेल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं. ताई, दहा पोळ्या द्या. ताई, भाजी कुठली आहे. एवढंच. तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला काय ऐकू आलं, असं कुणी नाही. मुलगा, सून चांगली आहेत हो, त्यांना नावं ठेवत नाही. पण विचारण्यासारखं माझ्याकडे काही आहे, असं कुणाच्या डोक्यात येत नसे. या माणसाची रोजीरोटी माझ्या हो-नाहीवर चालली होती, आणि तो माझं हो ऐकलं की दुसऱ्यांदा विचारत नसे.

आणि मी काय केलं?

मे महिना होता. सटाण्याकडचा एक जण गाडी घेऊन आला. वडिलांचं ऑपरेशन नाशिकला झालेलं, दवाखान्यातून सोडलेलं, त्यांना घरी न्यायचं. एवढ्या उन्हात एसीशिवाय नेऊ नका असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि एसी नेमका चालू होईना. म्हाताऱ्यांना माझ्या शेडमध्ये सावलीत बसवलं, मी ताक दिलं. बिचारे दोन्ही हातांनी पेला धरून प्यायले.

दुखणं अवघड होतं. चकत्यांमधली फट वाढलेली. गाडी थंड असताना त्या चिकटायच्या, तापली की नाही. मिस्तरींनी मधली एक पातळ रिंग काढून फट कमी केली. म्हणाले, "आता गाडी तापू द्यायची. तापल्यावर टक झालं तरच खरं." अर्धा तास गाडी चालू ठेवली. तेवढ्यात त्या माणसाबरोबरचा मित्र काहीबाही विचारत होता, किती वेळ, कुठून जाऊ, आणि मिस्तरी पाठमोरे, त्यांना पत्ताच नाही. तो मोठ्याने म्हणाला, "अरे, मिस्तरी बहिरा आहे काय? केव्हाचा बोंबलतोय मी!" आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती हसली. ते हसणं मिस्तरींना दिसलं. त्यांची मान लाल झाली. माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई."

मी गेले. "दाब बटण!"

इंजिनाचा आवाज, पंख्याचा आवाज. टक नाही. मी कान आणखी खाली नेला. नाहीच. मिस्तरी माझ्या तोंडाकडे बघत होते. ते तिघं-चौघंही बघत होते, अजून हसू ओठांवर तसंच. नाही म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, बघा, बहिऱ्याने केलेलं काम.

"झालं," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मिस्तरींनी श्वास सोडला. "बघ. सांगितलं नव्हतं?" आणि बोनेट लावलं.

दैव कसं असतं बघा. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत ती चकती आपोआप चिकटली असावी, कारण गाडीवाल्याने जाताना काचेतून अंगठा दाखवला. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, झालंच की शेवटी. खोटं कुठे बोलले मी?

तिसऱ्या दिवशी तो परत आला. एकटाच. गाडी वाटेत देवळा गावाच्या अलीकडे तापली आणि एसी जो बंद पडला तो पडला. म्हाताऱ्यांना घेरी आली. लिंबाखाली निजवलं, मग गावातल्या डॉक्टरकडे नेऊन सलाईन लावावं लागलं. "माझा बाप मेला असता! तुम्ही झालं म्हणून सांगितलं ना? सांगितलं ना?" आजूबाजूच्या शेडमधली माणसं गोळा झाली.

मी लाटणं घेऊन तशीच उभी. तोंड उघडलं मी, देवाशपथ उघडलं. पण मिस्तरींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि माझ्या आधी बोलले.

"चूक माझी हाय. मला टक ऐकू येत नाय. दोन वर्सं झाली. अंदाजानं सांगितलं मी."

ज्या गोष्टीवर पांघरूण घालायला मी खोटं बोलले, ती त्या माणसाने सगळ्यांपुढे उघडी केली, माझ्यावर पांघरूण घालायला. आणि मी तेव्हाही गप्प राहिले. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितेच.

त्यांनी ती गाडी पुन्हा खोलली, नीट केली. दुसऱ्या दिवशी शेड बंद ठेवून एसटीने सटाण्याला जाऊन त्या म्हाताऱ्यांना बघून आले. डबा परत आला तो नेहमीसारखाच घासलेला, वर मूठभर जांभळं. "ताई, वांगं झकास झालं हुतं." एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मला वाटलं, रागावले असते तर बरं.

पण हाक बंद झाली.

त्या दिवसानंतर ते गोणपाट घेऊन गाडीखाली निजायचे. हातात बॅटरी. खालून ती चकती फिरताना दिसते ना, ते बघायचे. साठी उलटलेला माणूस, कंबर धरून निजायचा, कंबर धरून उठायचा, प्रत्येक गाडीला दोनदा, तीनदा. मी तव्यापाशी बसून बघायची. एकदा राहवलं नाही, जवळ जाऊन वाकून म्हटलं, "मिस्तरी, मी ऐकते की. सांगा ना मला."

गाडीखालून त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. हसले. "ऱ्हाऊ द्या ताई. पोळी करपंल."

लोकांत बोलणं झालंच. बहिरा मिस्तरी, बहिरा मिस्तरी. गाड्या कमी व्हायला लागल्या. त्यांच्या लेकीने कानाचं मशीन आणून दिलं, ते त्यांनी चार दिवस घातलं. म्हणाले, "ह्येच्यात वेल्डिंग, हॉर्न, तुमचं लाटणं, समदं एका पातेल्यात शिजल्यावानी ऐकू येतं." मशीन वॉशरच्या डबीत जाऊन पडलं. पुढच्या पावसाळ्यात कंबरेने अगदीच साथ सोडली आणि मिस्तरी शेड सोडून गावी गेले. जायच्या दिवशी निर्माल्याची बादली मला दिली. मी ती धुऊन तिच्यात पीठ ठेवायला लागले.

पुढे माझेही गुडघे गेले, केंद्र बंद केलं, घरी बसले. घरी बसल्यावर माणसाला काय काय आठवतं. फोन करावा तर त्यांना ऐकू कसा जाणार? आणि सुनेला काय सांगू, मला घोटीपलीकडे एका मिस्तरीकडे जायचंय? कशाला म्हणाली तर?

मग मी एक उद्योग केला. दसरा-दिवाळीच्या मधले दिवस, ऑक्टोबरचं ऊन चटके देणारं. मुलगा कामावर गेला होता, गाडी खाली उभी. मी सुनेकडून किल्ली घेतली, गाडीत चष्मा राहिलाय म्हणून. बोनेट उघडलं, फ्यूजच्या खोक्याचं झाकण काढलं, आणि एसीचा रिले उपटून चष्म्याच्या घरात ठेवून दिला. दोन दिवसांनी सून म्हणाली, "आई, एसी चालूच होत नाहीये हो. शोरूमला दाखवायला हवा."

"शोरूम कशाला? माझा माणूस आहे ओळखीचा. घोटीच्या पुढे. तुला रविवारी सुट्टीच आहे."

"एसीसाठी एवढं घोटीला? आई, खरं सांगा, काय आहे?"

"तू चल तर."

सातपूर ते घोटी घामाघूम होऊन गेलो. सून सारखी ओढणीने तोंड पुसत होती आणि माझ्याकडे संशयाने बघत होती. गावात विचारत विचारत गेलो. अंगणात भाताचे भारे पडलेले, शेजारच्या खळ्यावर मळणी यंत्र चाललेलं, आणि ओट्यावर मिस्तरी. निम्मे झाले होते. मला बघून उठायला गेले, कंबर धरून अर्ध्यातच थांबले. त्यांच्या घरच्या वहिनींनी पाणी आणलं. म्हणाल्या, "आता काईच ऐकू येत नाय त्येंना. ओठ बघून वळखत्यात."

मी ओठ मोठे करून म्हटलं, "मिस्तरी, सुनेची गाडी आहे. एसी चालू होत नाही."

चेहरा असा उजळला म्हणून सांगू. काठी टेकत गाडीपाशी आले. बोनेट उघडलं. सोप्यातलं सोपं आधी. खोक्याचं झाकण काढलं, आणि थांबले. एसीच्या घरात डबीच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाताच्या भाऱ्यांकडे बघायला लागले. त्यांनी नुसता तळहात पुढे केला.

मी चष्म्याचं घर उघडून रिले त्यांच्या हातावर ठेवला.

"आई!" सून किंचाळली. "अहो आई, तुम्ही? मी घोटीपर्यंत भाजून आले!"

मिस्तरी हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. डोळ्यांना पाणी आलं त्यांच्या. मग रिले जागेवर दाबून बसवला आणि सुनेला खुणेने आत बसवलं. "दाब बटण," म्हणाले, फार मोठ्याने, ऐकू न येणाऱ्या माणसांचा आवाज होतो तसा. आणि मग माझ्याकडे वळून, तेवढ्याच मोठ्याने,

"टक झालं का?"

एवढ्या वर्षांनी.

इंजिन चाललेलं, पंखा चाललेला, पलीकडे मळणी यंत्राची घरघर. मी वाकून कान खाली नेला. वर्षभरापासून मलाही नीट ऐकू येत नव्हतं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं मी. टक झालं असणार. व्हायलाच हवं होतं, गाडीत दुसरं दुखणंच नव्हतं. झालं म्हटलं असतं तर ते खरंही ठरलं असतं.

मी सरळ उभी राहिले आणि त्यांना ओठ दिसतील असं म्हटलं, "मला ऐकू आलं नाही, मिस्तरी."

ते बघत राहिले.

"त्या दिवशीही नव्हतं आलं."

"म्हाईत हाय," मिस्तरी म्हणाले.

मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा तळहात आतल्या एका पाइपवर नेऊन ठेवला. जाड, काळसर पाइप. आधी कोमट होता. मग हळूहळू गार व्हायला लागला, आणखी गार, आणि हाताखाली ओलं लागायला लागलं, पाइपला घाम फुटला होता. त्यांनी आपलाही हात माझ्या हाताशेजारी त्याच पाइपवर ठेवला. सून आतून काच वाजवत होती, गार आलं, आई, आलं गार, लावा आता ते बोनेट, असं काहीतरी ओरडत होती. आम्ही दोघांनीही हात काढले नाहीत.